‘नाकासमोर’चा चौथा बोल्ट

१२ ऑक्टोबर

मिळालं! काम मला मिळालं! ‘नाकासमोर’चे गंजलेले बोल्ट काढायचे, नवे बसवायचे, आणि ते मी बसवायचे. क्लबच्या बैठकीत वेल्डरकाकांनी माझं नाव घेतलं तेव्हा मी एवढ्या मोठ्याने ‘हो’ म्हणाले की शेजारी बसलेल्याच्या हातातला चहा सांडला. वेल्डरकाका म्हणजे आमचे अध्यक्ष. त्यांचं जाळ्या-फाटकं करायचं दुकान आहे आणि कड्यावर जे काही लोखंडाचं आहे त्यातलं अर्धं त्यांच्या हातचं आहे.

म्हणून ही वही. सगळं लिहून ठेवायचं ठरवलंय. आई म्हणाली, “चार पानं लिहिशील आणि उरलेली फाडून दातांचे साचे गुंडाळायला घेशील.” बघूच.

आता ‘नाकासमोर’बद्दल लिहिते, म्हणजे म्हातारपणी वाचताना अडायला नको. आमच्या कड्यावर चढताना दगडाच्या भेगांमध्ये धातूच्या पाचरी अडकवायच्या, त्यात दोर घालायचा, आणि मागून येणाऱ्याने त्या पाचरी काढून आणायच्या. मागे काही ठेवायचं नाही. पण कड्याच्या मधोमध एक गुळगुळीत पाटी आहे, तिला भेग म्हणून नाही. तिच्यावरून सरळ वर जाते ती वाट म्हणजे ‘नाकासमोर’. पाचर अडकवायला जागाच नाही म्हणून तिथे दोर अडकवायला बोल्ट ठोकलेत, आणि अख्ख्या पाटीत फक्त तीन! दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये तर एवढं अंतर आहे की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. ही वाट पहिल्यांदा चढले ते माझे बाबा. माझ्या जन्माच्या आधी. हाताने हातोडा चालवून भोकं पाडत. क्लबच्या छापील पुस्तकात तसं लिहिलंय. शाळेत मी ते पान सगळ्यांच्या नाकापुढे नाचवायचे.

आमच्याकडचा नियम साधा आहे. पहिल्या चढाईत जेवढे बोल्ट होते तेवढेच राहणार. एक जास्त नाही, एक कमी नाही. काही बदलायचं असेल तर पहिल्यांदा चढलेल्या माणसाला विचारायचं.

नर्सने मात्र बैठकीत खुसपट काढलंच. त्याबद्दल उद्या लिहिते, आज मला चिडायचं नाहीये.

१३ ऑक्टोबर

चिडलेच.

नर्स म्हणजे माझी जोडीदार. किती वर्षं आम्ही एकाच दोराच्या दोन टोकांना आहोत. हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळते आणि माणसांना सरळ करायची तिला सवय आहे. गेल्या मोसमात ती ‘नाकासमोर’वर दुसऱ्या आणि तिसऱ्या बोल्टच्या मध्ये घसरली. दोर माझ्या हातात होता. मी तिला धरलं, पण अंतरच एवढं होतं की दोर ताणला जाईपर्यंत तिचा पाय खालच्या कंगोऱ्यावर आपटून घोटा मोडला. अजूनही ती जिना एकेक पायरी उतरते.

काल ती उठली आणि म्हणाली, “बोल्ट बदलताच आहात तर मध्ये एक चौथा घाला.”

मी म्हटलं, “एकही भोक जास्त पडणार नाही. पाडायचं असेल तर दुसरं कोणी शोधा.”

“कवळे, माझा पाय बघितलास ना?” कवळी हे माझं क्लबातलं नाव, आमची दातांची लॅब आहे म्हणून.

“बघितला. म्हणून काय बाबांची वाट बिघडवू? ज्याला झेपत नाही त्याने दुसऱ्या वाटेने जावं.”

हे मी जरा जास्तच बोलले. पण माझं म्हणणं चुकलेलं नाही! कोणीतरी एके दिवशी तिथे उभं राहिलं, पुढे काही नाही हे बघितलं आणि तरी गेलं. ती हिंमतच तर ती वाट आहे. ती पातळ करायची म्हणजे दुधात पाणी घालायचं. वेल्डरकाकांनी मिटवामिटवी केली: काम सुरू करू दे, चौथ्या बोल्टचं पुढच्या बैठकीत मताला टाकू, आणि तोवर बाबांना विचारू.

वेल्डरकाकांनी घरी येऊन बाबांना विचारलं. बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, “मला काय विचारता? तिच्या आईला विचारा.”

वेल्डरकाका पोट धरून हसले. मीही हसले. बाबांचं हे नेहमीचं आहे. खोलीला रंग कुठला द्यायचा, आईला विचार. डोकं दुखतंय तर कुठली गोळी घेऊ, आईला विचार. आई आतून ओरडली, “मला साच्यात प्लास्टर ओतायचंय, मला नका विचारू काही.”

१७ ऑक्टोबर

सराव! वेल्डरकाकांच्या दुकानामागे काँक्रीटच्या ठोकळ्यात तीन बोल्ट बसवून आले. भोक पाडायचं, त्यात रेझिन म्हणजे दगडासारखा घट्ट होणारा गोंद भरायचा, स्टीलचा बोल्ट फिरवत आत घालायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. सोपं आहे.

१८ ऑक्टोबर

एक बोल्ट हाताने उपटून आला. हाताने!! मुळा यावा तसा.

 मी घरी येऊन आईच्या पुढ्यात तो बोल्ट ठेवला. तिने तो डाव्या हाताने उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि रेझिनवरून नख फिरवलं. नखाला पीठ लागलं.

“भोकातली धूळ काढली नाहीस.”

“फुंकलं होतं की.”

“एकदा?” तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला आठ वर्षांची झाल्यासारखं वाटलं. “दाताला कॅप बसवताना धूळ ठेवतेस का? ब्रश मार, फुंक, परत ब्रश मार, परत फुंक. पांढरं यायचं थांबेपर्यंत. आणि दगडाचं भोक आतून ओलं असतं, ते वाळू दे.”

“तुला काय माहीत दगडाचं भोक आतून ओलं असतं?”

“दगड पावसात उभा असतो ना,” आई म्हणाली आणि कॅप घासायला लागली.

तेही खरंच.

२५ ऑक्टोबर

आज पहिला! पहिला निघाला! पहिला बसला!

नीट क्रमाने लिहिते. पहाटे मागच्या पायवाटेने कड्याच्या माथ्यावर गेलो, झाडाला आणि एका दांडग्या खडकाला दोर बांधला आणि मी पाटीवर खाली उतरले. नर्स वर दोराशी बसली होती. आली, हेच खूप. “मी तुझ्याशी बोलत नाहीये, दोराशी बोलतेय,” असं तिने आल्या आल्या जाहीर केलं. दिवसभर मग दोराला सूचना देत होती: “दोरा, तिला सांग डावीकडे सरक.” मला हसू आवरेना.

जुना बोल्ट म्हणजे नुसता गंजाचा लाडू. आणि याच्यावर आम्ही जीव टांगत होतो! वेल्डरकाकांनी काढायला एक स्क्रूचं यंत्र करून दिलंय. चावी फिरवत गेले तसा तो दगडातून करकरत सूत सूत बाहेर आला आणि एकदम सुटून माझ्या मांडीवर पडला. मी असं किंचाळले की नर्स दोराशी बोलायचं विसरून “काय झालं गं?” म्हणाली. मग तेच भोक थोडं मोठं केलं, थोडं खोल केलं. ब्रश, फुंक, ब्रश, फुंक. रेझिन. नवा चकचकीत बोल्ट. सुरेख!

एक गंमत. बोल्ट फारच खाली आहे. बाबा साडेसहा फुटी नसले तरी ताडमाड आहेत. त्यांनी हात वर करून ठोकला असता तर माझ्या डोक्यावर आला असता. हा बरोब्बर माझ्या हाताच्या टप्प्यात, आणि मी तर आईवर गेलेली, टीचभर. याचा अर्थ बाबांनी बुटक्यांचाही विचार केला होता! हे मला माहीतच नव्हतं. 

बाबांना सांगितलं तर ते आईकडे बघत राहिले. आई म्हणाली, “जेवायला बसा.”

२६ ऑक्टोबर

हात वर होत नाहीत. कवळी घासताना दोनदा पडली. मजेत आहे.

१ नोव्हेंबर

दुसरा बसला, तिसरा बसला! तिन्ही झाले! आता फक्त रेझिन वाळायचं आणि ओढून बघायचं.

जेवताना मी पाटीचं वर्णन करत होते. हात हवेत, भाजी ताटाबाहेर. मी म्हटलं, “तिसऱ्याच्या खाली ती आडवी पकड आहे ना बाबा, डाव्या हाताची...”

“उभी,” आई म्हणाली. “उभी आहे ती. आडवी समजून धरलीस तर दार उघडल्यासारखी बाहेर फिरशील.”

मी डोळे मिटून हात आठवून पाहिला. उभी आहे! अंगठा आत जातो. म्हटलं, “बाबा, तुम्ही आईला इतकं बारीक सांगितलंय?”

बाबांना ठसका लागला. आईने त्यांच्यापुढे पाणी सरकवलं.

मला त्यांचं हेच आवडतं. बढाई नाही. क्लबच्या वार्षिक जेवणाला दरवर्षी लोक त्यांना ‘नाकासमोर’बद्दल बोलायचा आग्रह करतात, आणि दरवर्षी बाबा उठून एकच वाक्य बोलतात: “चढली ती, मी नुसता दोर धरला होता.” आणि आईकडे बोट दाखवतात. लोक टाळ्या वाजवतात, कोणी तरी म्हणतं, नवरा असावा तर असा. मलाही दरवर्षी भरून येतं. एवढं मोठं काम करून ते बायकोच्या पदरात टाकायचं, याला मन लागतं.

बैठक पुढच्या शनिवारी. मतं कुठे पडतील सांगता येत नाही. नर्सचा पाय बघून लोक हळवे होतात. मीही होते, पण ते क्लबात दाखवणार नाही. बाबांची वाट मी कोणाला बिघडवू देणार नाही.

२ नोव्हेंबर

काय लिहू! 

आज बोल्ट ओढून बघायला गेलो. तिन्ही पक्के. माझा जीव भांड्यात पडला. मग सहज, दगड पोकळ कुठे आहे का बघायला, हातोडीने टकटक करत खाली येत होते. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये एक छोटी पायरी आहे, दोन पावलं जेमतेम मावतील एवढी. नर्स घसरली ती याच्याच वर. तिथे उभं राहून छातीच्या उंचीला टकटक केलं आणि आवाज बदलला.

भोक! बुजवलेलं भोक!

मी दातांचे रंग जुळवून पोट भरते. समोरच्या दाताची कॅप बोलत्या माणसाच्या तोंडात ओळखू येऊ नये, हे माझं काम. आणि मी या जागेला वर्षानुवर्षं नाक लावून चढतेय, तरी मला दिसलं नव्हतं. दगडाचा चुरा कशात तरी कालवून भरलाय, तोही एका रंगाचा नाही, तीन रंगांचा. खडकात एक काळी शीर तिरकी जाते, ती भोकापाशी तुटायला हवी होती. तुटत नाही! कोणीतरी बुजवलेल्या भागावरून ती शीर हाताने काढत नेलीय. आई मला शिकवायची तेव्हा म्हणायची, त्या दाताकडे बघू नकोस, शेजारच्या दातांकडे बघ. हा जो कोणी आहे त्याने शेजारच्या दगडाकडे बघितलंय. असं काम मी आमच्या लॅबच्या बाहेर कधी पाहिलेलं नाही. कोणी मूर्तिकार असेल का?

नर्सला वर ओरडून सांगितलं. ती दोराशी न बोलता थेट माझ्याशी बोलली: “म्हणजे इथे बोल्ट होता?”

  फोटो काढला आणि वर आले.

३ नोव्हेंबर

डोकं भणभणतंय.

म्हणजे दोनच शक्यता. एक, बाबांनंतर कोणी उपटसुंभाने बोल्ट घातला आणि कोणी तरी तो काढून भोक बुजवलं. पण भोक जुन्या मापाचं आहे आणि बाकीच्या तिघांसारखंच बुटक्याच्या टप्प्यात आहे. दुसरी शक्यता लिहायला नको वाटते. बाबांनीच ठोकला, त्याच्यावर भरवसा ठेवून चढले, आणि मागाहून आईच्या लॅबमधलं सामान ढापून भोक बुजवलं. म्हणजे ती हिंमत, ते अंतर, ज्याच्यासाठी मी नर्सला नाही नाही ते बोलले, ते सगळं...

नाही. बाबा असं करणार नाहीत.

पण मग कोणी केलं?

४ नोव्हेंबर

बाबांना फोटो दाखवला. ते गॅलरीत बसले होते. त्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला, आणि हसले. हसले!

“बाबा, हे तुम्ही केलंय?”

“तुझ्या आईला विचार.”

माझा बांधच फुटला. म्हटलं, “प्रत्येक गोष्ट आईला विचार! निदान ही एक तरी स्वतः सांगा. मी तुमच्यासाठी अख्ख्या क्लबशी भांडतेय. तुमची वाट, तुमची हिंमत...”

बाबा उठले. एवढ्या उंच माणसाने माझ्या डोक्यावर हात ठेवला की मी अजूनही बाकावर उभी राहिल्याशिवाय त्यांच्या खांद्याला लागत नाही असं वाटतं. म्हणाले, “अगं वेडाबाई, इतकी वर्षं मी दुसरं काय सांगतोय?”

मला तरीही कळलं नाही. हे मी इथे लिहून ठेवते, कारण नंतर मी म्हणेन की मला आधीच संशय होता. नव्हता.

मी खाली लॅबमध्ये गेले. आई खिडकीपाशी पुढच्या दातांच्या ब्रिजला रंगाचा हात देत होती. मी मोबाइल तिच्यासमोर धरला. तिने ब्रश खाली ठेवला नाही, नुसती मान तिरकी केली.

“काळी शीर जरा जाड आलीय,” ती म्हणाली. “तेव्हा माझ्याकडे बारीक ब्रश नव्हता.”

“बाबांनी तुझा ब्रश नेला होता?”

आईने आता ब्रश खाली ठेवला. डॉक्टरकडून तिसऱ्यांदा परत आलेल्या कॅपकडे बघते तसं माझ्याकडे बघितलं. “तुझ्या बाबांना भिंतीला चुना लावता येत नाही धड.”

मग मी स्टुलावर बसले. 

“चढले मी,” आई म्हणाली. “त्यांनी दोर धरला. तू पोटात होतीस, तिसरा महिना. तुझ्या आजीने मला जिना उतरायलासुद्धा बंदी केली होती. साचे पोचवून येते असं सांगून गेले. चढून, मागच्या वाटेने खाली आलो तर क्लबातले दोघं उभे. म्हणाले, पुढे कोण होतं? मी म्हटलं, हे. आजीच्या कानावर गेलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं.”

“आणि नंतर? नंतर का नाही सांगितलंस?”

“हे सांगतात की दरवर्षी. लोक टाळ्या वाजवतात.”

“तुला राग नाही आला?”

“आला ना! पुस्तक छापून आलं तेव्हा मी यांच्याशी आठवडाभर बोलले नाही, आणि यांचा काही दोष नव्हता. मग तू ते पान घेऊन शाळेत जायला लागलीस. माझे बाबा, माझे बाबा. तुझ्या हातातून ते कसं काढून घेऊ?”

मला रडू यायला लागलं. आईने मला हात पुसायचं फडकं दिलं, प्लास्टरने माखलेलं.

“आणि तो बोल्ट?” मी विचारलं.

 तिने डाव्या हाताची बोटं मिटली, उघडली. “त्या पायरीवर उभी राहिले. पुढचं दिसत होतं. जमेल, असं वाटत होतं. एकटी असते तर गेले असते. पण एकटी कुठे होते? मग ठोकला एक. तुझ्यासाठी.”

मी त्याच फडक्याने परत डोळे पुसले. 

“तू रांगायला लागलीस तेव्हा तुला आजीपाशी ठेवून परत गेले. म्हटलं, आता ही जमिनीवर आहे, हिला बोल्ट नको. काढला, भोक बुजवलं, आणि पुढच्या खेपेला त्याच्याशिवाय चढून बघितलं.”

“जमलं?”

“घाबरले जाम. पण जमलं.” तिने ब्रश उचलला. “तुमचा नियम काय गं? पहिल्या चढाईत जेवढे होते...”

“तेवढेच.”

“मग मोज.”

मी मोजायला लागले आणि जिथे पोचले तिथे थांबले. म्हटलं, “आई, पण तू नंतर त्याच्याशिवाय चढलीस. तीच तर खरी...”

“ते दुसऱ्यांदा. नियम पहिल्या चढाईचा आहे. तूच बैठकीत घसा फोडून सांगितलास म्हणे.” मग ब्रिज उजेडात धरून, माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्या नर्सच्या घोट्याला विचार, दुसऱ्यांदाची मजा काय असते.”

५ नोव्हेंबर

सकाळी उठल्या उठल्या हसू आलं. बोल्ट इतके खाली का होते! बाबांनी बुटक्यांचा विचार केला होता म्हणे! मी केवढी मठ्ठ आहे. दगडाने सांगितलं, बाबांनी सांगितलं, उभ्या पकडीने सांगितलं, आणि मी सगळ्यांना बाबांचा मोठेपणा म्हणून खिशात घातलं.

आई! माझी आई! नाश्त्याला मी तिच्याकडे बघतच बसले. ती म्हणाली, “तोंड मीट, माशी जाईल.”

९ नोव्हेंबर

बैठक झाली. आईला ओढून नेलं. ती मागच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखी.

चौथ्या बोल्टचा विषय निघाला. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे, आता ही भांडणार म्हणून. मी उभी राहिले.  म्हटलं, “मी म्हटलं होतं, पहिल्या चढाईत होते तेवढेच. अजूनही तेच म्हणते. पहिल्या चढाईत चार होते. चौथ्याचं भोक मी बघून आलेय, आणि ते पाडणारी बाई मागे बसलीय.”

 बाबा उठले. तेच वाक्य बोलले: “चढली ती, मी नुसता दोर धरला होता.”

या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक एकेक करून खुर्च्यांवर मागे, आईकडे वळले. वेल्डरकाकांचा चेहरा बघण्यासारखा होता. इतक्या वर्षांची जेवणं त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावीत. शेवटी ते आईसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “वहिनी, वाट तुमची आहे. चौथा घालू का?”

“घाला. पण जुन्याच भोकात. शेजारी नवीन पाडलंत तर बघा.”

मताला टाकायची गरज पडली नाही. नर्स मात्र उठून, लंगडत, सगळ्या खुर्च्यांमधून आईपर्यंत गेली आणि तिचे दोन्ही हात धरून उभी राहिली. काय बोलली मला ऐकू आलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “कवळे, मूर्ख.”

“दोराला सांगतेयस की मला?”

“तुला!”

मीच तिच्या गळ्यात पडले. पायाचं ते वाक्य परत घेतलं. तिने लगेच दिलं नाही, दोनदा म्हणायला लावलं.

१६ नोव्हेंबर

आज ते भोक उघडलं. त्या सुंदर कामावर ड्रिल टेकवताना हात धजेना. वरून नर्स ओरडली, “कर गं, आईची परवानगी आहे.” केलं. आतलं जुनं भोक किंचित उजवीकडे कललेलं, बाकीच्या तिघांसारखंच. डावखुऱ्या हातोड्याने कललेलं. धूळ काढली. ब्रश, फुंक, ब्रश, फुंक, पांढरं यायचं थांबेपर्यंत, आणि मग उगाच आणखी एकदा.

२३ नोव्हेंबर

आज चढले. ‘नाकासमोर’, खालून, पुढे मी.

दोर आईने धरला. स्वतःहून म्हणाली. बाबांनी तिला पट्टा बांधायला मदत करायला हात पुढे केला तर म्हणाली, “राहू द्या, तुम्ही उलटा बांधता.” बाबा मग दगडावर बसून राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की ती बघा, ती. नर्स माझ्यामागून चढायला तयार होऊन उभी होती. पडल्यानंतर पहिल्यांदाच.

पहिला बोल्ट, दुसरा. मग ते अंतर. किती वेळा चढलेय मी हे! प्रत्येक वेळी इथे स्वतःला सांगायचे की बाबा गेले तसं जा, बघू नकोस खाली. आज वेगळंच वाटलं. आज मला वाटलं, इथे आम्ही दोघी होतो. तिला मळमळत असेल का? ऊन असेल का? हातोडा मारताना तिला मोजता येत असेल का की तिच्यात आता किती माणसं आहेत?

पायरीवर दोन्ही पावलं ठेवली. छातीच्या उंचीला बोल्ट. नवाकोरा. इतकी वर्षं याच्याशिवाय चढण्याचा मला केवढा ताठा होता. कॅराबिनरची कडी अडकवली, तिच्यात दोर घातला. खट् असा आवाज झाला. आणि मी तिथेच थांबले. डोळ्यांपुढे काही दिसेना, नाक वाहायला लागलं, पुसायला हात मोकळा नाही.

“घातलास का दोर?” आई खालून ओरडली.

“घातला!”

“मग हल आता. मान दुखायला लागली माझी.”